थोरलीनं खालचं का गायचं

मंदा,

काल तुझी तेरवी झाली. वांग्याची भाजी बरी होती, बुंदी जरा कडक होती, आणि भाषणं इतकी गोड होती की तुझ्या फोटोला मुंग्या लागायच्या. तू 'आ' लावलास की जे लोक खिडक्या ओढून घ्यायचे, त्यांनीच काल माइक हातात धरून तुला 'संगीताची थोर उपासक' म्हटलं. एकानं तर 'गानतपस्विनी' म्हटलं. शब्द त्याला नीट उच्चारताही आला नाही. समाजाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून मी ते सगळं ऐकलं. मी तुझी थोरली जाऊ, म्हणून मला पुढंच बसवलं होतं, आणि पुढं बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

फोटोचंही सांगते. भाऊजींनी, म्हणजे तुझ्या नवऱ्यानं, स्वातीच्या लग्नातला तुझा फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. त्या फोटोत तुझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. स्टुडिओवाल्यानं ग्लास पुसला आणि तिथं माइक बसवला. तू जन्मात कधी माइकवर गायली नाहीस. तुझे गाण्याचे सर माइकला हात लावू देत नसत. आवाज आपल्या अंगाच्या जोरावर मागच्या भिंतीपर्यंत गेला पाहिजे, हाच तर त्यांचा पहिला धडा. पण भाऊजींना हे कुठून कळणार? ते एकदाही क्लासला आले नाहीत. फोटोसमोर मात्र रडले. खरं रडले, मी पाहिलं. तरी रडण्यासाठी माइकची काय गरज होती, हे मला अजून समजलेलं नाही.

तू कुठं जन्मलीस, किती शिकलीस, स्वभावानं कशी होतीस हे सगळं काल सांगून झालं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मी ते दुरुस्त करत बसणार नाही. सकाळी नळ आला म्हणून उठलीस, बादली लावलीस आणि तिथंच पडलीस. बादली वाहत राहिली म्हणून भाऊजींनी आतून आवाज दिला, तेव्हा तू नव्हतीस. याच्यावर मी काय बोलणार? मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे. ते तू अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि भांडण अर्धं सोडायची मला सवय नाही.

आधी कबूल कर की तुला कशाचंच धड वेड नव्हतं. तू केक शिकलीस, तेव्हा भिलाईच्या अख्ख्या सेक्टर दोनला मध्ये कच्चे राहिलेले केक खायला लागले. मग पार्लरचा कोर्स केलास आणि माझी एक भुवई दुसरीपेक्षा बारीक केलीस. मग ती उड्या मारायची कसरत. स्वाती लग्न होऊन हैदराबादला गेली, क्वार्टर रिकामं झालं, आणि तू स्कूटी काढून माझ्याकडं मरोद्याला आलीस. मी तांदूळ निवडत होते.

"बाई, मी गाणं शिकून राहिली."

"भजन?"

"नाई बाई. वेस्टर्न."

"म्हंजे इंग्लिश गाणे?"

"इंग्लिश नाई, वेस्टर्न. आवाज कसा लावाचा, ते शिकवते."

"आवाज लावाले शिका लागते काय? लेकरू पैदा झाल्याबरोबर लावते."

तू हसलीस. तुझं हे नेहमीचंच. कुणी पाणउतारा केला तरी तू हसायचीस, आणि मग पाणउतारा करणाऱ्यालाच कसनुसं व्हायचं. मला अर्थात झालं नाही. मी तांदूळ निवडत राहिले.

चार दिवसांनी भाऊजी आले. चहा पुढं आल्यावर म्हणाले, "वहिनी, तुमी संगं जा हिच्या. एकटी बाई मास्तरच्या घरी जाते, लोक काय म्हणतीन?" मास्तर सत्तरीचे, त्यांची बायको बाजूच्याच खोलीत, आणि क्लासमध्ये दहा-दहा वर्षांची पोरं. तरी लोक काय म्हणतीन! मी पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई तुझी राखणदार म्हणून नेमली गेले. आपल्या घरातल्या पुरुषांची अक्कल ही अशी. आणि मी गेले, म्हणजे माझीही तशीच.

जोसेफ सरांचा क्लास त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या गॅरेजमध्ये. सर केरळातले, पण भिलाईतच म्हातारे झालेले; कुठल्याशा शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते. एक कीबोर्ड, एक आरसा, एक चटई. मी दारापाशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसायचे आणि तुझा तमाशा बघायचे. तमाशाच होता तो. सर सगळ्यांना ओठ फडफडवायला लावायचे, नाल ठोकताना घोडं करतं तसं. तू इतकी मनापासून फडफडवायचीस की समोरच्या पोराच्या तोंडावर शिंतोडे उडायचे. मग जांभई द्यायची. पैसे मोजून जांभई द्यायला शिकणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मग दातांत दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडून 'मा मे मी मो मू'. आरशात बघून. खांदे न उचलता.

श्वास पोटातून आला पाहिजे म्हणून त्यांनी तुला चटईवर उताणी झोपवलं आणि पोटावर वजन ठेवायला सांगितलं. पोरं पुस्तकं ठेवत. तू घरून किलोभर तुरीच्या डाळीचं पाकीट आणलंस. श्वास घेतला की पाकीट वर, सोडला की खाली, आणि तू डोळे मिटून धन्य. घरी जाऊन तीच डाळ शिजवलीस आणि मला डब्यात पाठवलीस. मी खाल्ली. बरी झाली होती.

"सर म्हणते, वरचा सूर डोक्यातून काढाचा," तू स्कूटीवर मला सांगितलंस.

"डोक्यात काही असन तर निघन," मी म्हटलं.

पुन्हा हसलीस. स्कूटी डगमगली.

आणि तो भोंगा! 'ऊ' करत खालून वर जायचं आणि वरून खाली यायचं, एका दमात. सर त्याला सायरन म्हणायचे, तू भोंगा म्हणायचीस, स्टील प्लांटचा वाजतो तसा. पोळ्या लाटता लाटता तू तो इतक्या जोरात काढलास की समोरच्या क्वार्टरमधला बिचारा नाइट शिफ्ट करून झोपलेला माणूस बनियनवर बाहेर आला आणि विचारू लागला, प्लांटमध्ये काही झालं का. तू लाटणं हातात घेऊन त्याला 'हेड व्हॉइस' म्हणजे काय ते समजावलंस. त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं, तेच माझ्याही होतं. आम्ही दोघंही तुला वेडी समजत होतो.

आता माझं. मी शिकायला गेले नव्हते, हे आधी लिहून ठेव. तुम्ही सगळे कीबोर्डबरोबर गात होता आणि मी लसूण सोलता सोलता नकळत गुणगुणत असेन. सरांनी हात वर केला. सगळे गप्प झाले, मी मात्र एक क्षण चालूच राहिले. "ये कौन है?" सर म्हणाले. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते जवळ आले आणि म्हणाले, "दीदी, फिर से कीजिए." मी केलं. "आप तो अल्टो हैं," ते म्हणाले, हरवलेलं काही सापडल्यासारखे. अल्टो हे मला गाडीचं नाव म्हणून माहीत होतं. बाईच्या भरड, खोल आवाजालाही नाव असतं आणि ते नाव कुणी आनंदानं घेतं, हे मला माहीत नव्हतं. भजनात माझ्या आवाजाला बायका 'गड्यासारखा' म्हणायच्या. लग्न झालं तेव्हापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मी लसणाचं ताट खाली ठेवलं, आणि ते तुझ्यामुळं, हे मला मान्य आहे. तू मला तिथं नेलं नसतंस तर मी भरड आवाजाची बाई म्हणूनच मेले असते. हे तुला सांगायचं राहिलं. तू असतीस तरी सांगितलं नसतं, कारण तू लगेच डोक्यावर बसली असतीस.

आणि तू बसलीसच. दुसऱ्याच दिवशी म्हणालीस, "बाई, आता आपण दोघी मिळून गाऊ. मी वरचं गातो, तुमी खालचं गा."

"काय गाऊ?"

"खालचं. खालचा आवाज."

मंदा, बोलताना माणसानं शब्द बघून वापरावा. मी या घरात आले तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस. तुझ्या हळदीला गाणी मी ओढली आहेत. आपल्यात थोरली ओढते आणि धाकट्या मागून धरतात, हे तुझ्या आईनंही तुला शिकवलं असेल. आणि तू मला खालचं गायला सांगतेस!

"मी कायले खालचं गाऊ?" मी म्हटलं. "थोरली मी आहो. तू गा खालचं."

"माहा आवाज खाली जात नाई ना बाई."

"मंग माहा वर जाते."

मी वर जाऊन दाखवलं. जे निघालं त्याला सूर म्हणता येणार नाही. पोरं खिदळली. त्यातल्या एकाचा आजा प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर आमच्या ह्यांच्या हाताखाली होता, हे मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं. सर कीबोर्डमागं तोंड लपवून बसले होते. अशा रीतीनं थोरली असून मी खालचं गायला लागले.

सरांनी दिलेलं गाणं इंग्रजी होतं, लहान मुलांना निजवायचं असतं तसं संथ. त्या शब्दांना तुझी जीभ वळेना. दोन आठवडे तू त्यांची चटणी केलीस, मग सर थकले आणि म्हणाले, "शब्द कुछ भी चलेगा, बस मुँह खुला रहना चाहिए." झालं. तू त्या चालीवर आपले शब्द घातलेस:

*भोंगा झाला, येजो घरी,*
*चाय ठेवली गॅसवरी,*
*हात धुजो, बसजो जरा,*
*मंग भांडजो भराभरा.*

काय ते काव्य! सर वाहवा म्हणाले. त्यांना मराठी येत नाही. तू ते गाणं सगळीकडं नेलंस. हळदीकुंकवाला गायलीस, बारशाला गायलीस, चरोद्याला माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं तिथंही गायलीस. आपल्या भजनी मंडळाच्या बायकांनी ते उचललं, टाळ्या घातल्या, कुसुमकाकूंनी तर ढोलकी घातली. तोंड उघडून, खांदे न उचलता गायचं गाणं त्यांनी महिन्याभरात जोगव्यासारखं करून टाकलं. पण चाल तुझीच, वरची. माझी खालची ओळ कुणी ऐकलीच नव्हती. ती गॅरेजाबाहेर कुणापुढं निघालीच नाही.

निघणार कशी? ती ओळ तरी काय होती! दोघींची सुरुवात एकाच सुरावर. मग 'येजो' आलं की तू वर निघून जायचीस, आणि मी तिथंच. तू वळणं घ्यायचीस, खाली यायचीस, पुन्हा चढायचीस, आणि मी आपली नळाच्या लायनीत उभी असल्यासारखी एका जागी. मध्ये एकदा अर्धं पाऊल खाली, मग परत जागेवर. सर म्हणायचे, यात फार सौंदर्य आहे. मला ते सौंदर्य त्यांनी शेवटपर्यंत दाखवलं नाही.

आणि तरीही मला ते येईना. हे मला सर्वांत झोंबलं. एका जागी उभं राहायचं, एवढंच काम होतं, आणि मला ते जमेना. 'येजो' आलं, तू वर गेलीस, की माझा आवाज बेशरमासारखा तुझ्या मागं. मी ठरवून यायचे की आज हलायचं नाही, आणि दुसऱ्या ओळीला तुझ्याच चालीवर सापडायचे. सर थांबायचे. "दीदी, आप अपना गाइए. और उसको सुनिए." मी म्हणायचे, एका वेळी एकच होईल.

त्यांना ते समजायचं नाही, कारण ते चर्चमध्ये वाढले. तिथं चार जण चार वेगळ्या ओळी गातात आणि कुणी कुणाला चुकलास म्हणत नाही. आपल्यात बायका एकत्र गातात म्हणजे सगळ्या एकच गातात. कुणी वेगळं गायला लागली तर ती चुकली, आणि ती चुकली तर बाकीच्यांनी मोठ्यानं गाऊन तिला चालीवर आणायचं, ही आपली माणुसकी. लहानपणापासून माझ्या कानाला हेच वळण. तू वर गेलीस की मला वाटायचं मी मागं राहिले, आणि मागं राहिलेली बाई धावतेच. तू नाना उपाय केलेस. एका कानात बोट घालायला लावलंस. पाठीला पाठ लावून उभी केलीस. माझी ओळ तू स्वतः गायला बघितलीस, तर खालच्या सुरावर तुझा नुसता वारा निघाला, आणि मला फार बरं वाटलं.

एकदाच जवळजवळ झालं होतं. सेक्टर दोनवरून मला सोडायला मरोद्याकडं येताना, स्कूटीवर. तू पुढं, तुझी पाठ माझ्याकडं, वाऱ्यानं तुझा आवाज अर्धाच येत होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरीत 'बसजो'पर्यंत मी माझ्या जागेवर. मग मागून ट्रकनं हॉर्न मारला आणि मी घाबरून तुझी कंबर धरली. तू ओरडलीस, "बाई, झालं होतं! झालं होतं ना!" भर रस्त्यात. लोक बघत होते. मी म्हटलं, समोर पाह्य, मारशील मले. माझा स्वतःचा आवाज तेव्हा आनंदानं फाटला होता, ते तुला कळलं असेल तर कळलं असेल.

पण पूर्ण कधी झालं नाही. एकदाही नाही. सरांच्या क्लासच्या मुलांचा कार्यक्रम व्हायचा होता, त्यात आपलं गाणं शेवटी ठेवलं होतं, आणि तोवर ते पूर्ण व्हायला हवं होतं. मला ते किती हवं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. गुडघेदुखीसारखं लपवून ठेवलं होतं.

तू पडलीस त्याच्या आदल्या दुपारी माझ्याकडं आली होतीस. आपण गायलो, मी पुन्हा घसरले, आणि तू पहिल्यांदा चिडलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, तुमी माह्या चालीवर कावून येता, सांगू? तुमाले तुमच्या चालीची लाज वाटते."

"चाल हाये काय ते? ते त खांबासारखं उभं राहणं झालं."

"ते गाणं आहे."

"गाणं ते, जे लोकाईले ऐकू येते. माहं कोणाले ऐकू येते?"

"मले येते."

"तुले त सोताशिवाय काईच ऐकू येत नाई."

तू चप्पल घातलीस. दारातून म्हणालीस, "एक दिवस एकटं गाऊन पाहा, बाई. मंग समजन." मी म्हटलं, समजून काय कराचं हाये मले. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. एवढंच. सगळे म्हणतात, शेवटचं बोलणं गोड व्हायला पाहिजे होतं. कशाला? गोड बोलणारे काल हॉलभर बसले होते. मी तुझ्याशी खरं बोलले होते, आणि तूही. मला त्याची खंत नाही. खंत आहे ती तू परत येऊन पुढचं वाक्य बोलली नाहीस याची.

तर काल. भाषणं संपली, पंगती उठल्या, पुरुष सुपारी चघळत बाहेर गेले. मंडळाच्या बायका सतरंजीवर बसल्या आणि दोन भजनं झाली. मग स्वाती माझ्याजवळ येऊन बसली. तुझी पोरगी मराठी सुरू करते आणि हिंदीत संपवते. म्हणाली, "बडी मम्मी, आईचं ते भोंग्यावालं गाणं... आप लोग गाते थे ना? तुम्ही गा ना. प्लीज."

कुसुमकाकूंनी ढोलकी पुढं ओढली. "गा बाई. तू थोरली, तूच ओढ. आमी धरतो."

मी वरची चाल गाऊ शकले असते. ती मला पाठ होती. वर्षभर चुकून तीच तर गात होते. थोडी खालून घेतली असती तर जमलीही असती. आणि सगळ्या समोर, थोरली ओढते आहे, धाकट्या मागून धरतायत, अगदी मला हवं होतं तसं. पण मी फोटोकडं बघितलं, हातात तो खोटा माइक घेतलेल्या तुझ्याकडं. आणि मला इतका संताप आला, मंदा. सगळ्यांनी तुझं काही ना काही उचललं होतं. ज्यांनी खिडक्या लावल्या त्यांनी तुझं गाणं उचललं, नवऱ्यानं तुझा ग्लास काढून घेतला. मी म्हटलं, हिची चाल हिची आहे. मी तिला हात लावणार नाही. मी माझं गाईन.

मी कुसुमकाकूंना ढोलकी खाली ठेवायला सांगितली. उठून उभी राहिले, कारण बसून श्वास नीट जात नाही. तोंड उघडलं आणि माझी ओळ लावली. एकटीनं.

भोंगा झाला, येजो घरी. एकाच सुरावर. काही वर गेलं नाही, काही वळलं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दारातून भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, चाल चुकली." स्वातीनं मान खाली घातली. मी चाय ठेवली गॅसवर, तशीच, त्याच जागी उभी राहून, आणि मला दिसत होतं की या हॉलमध्ये एकालाही हे गाणं वाटत नाही. ज्या एकीला ऐकू यायचं ती फोटोत होती. भांडणाचा निकाल हवा होता ना तुला? हा घे. एकटं गाऊन पाहिलं. समजलं. खांबच आहे तो.

ओळ संपली तरी मी थांबले नाही. ती पुन्हा पहिल्यापासून लावली, आणि कुसुमकाकूंना राहवलं नाही. थोरली दुःखानं चाल विसरली, तिला सावरायला हवं, म्हणून त्यांनी गळा काढला. तुझी चाल. तोच भजनी, नाकातला आवाज. सर असते तर कानांत बोटं घातली असती. 'येजो'ला त्या वर गेल्या. त्यांच्यामागं सगळ्या. तीस-चाळीस बायका माझ्यावर दया करून, मोठमोठ्यानं, मला चालीवर आणायला निघाल्या. टाळ्या सुरू झाल्या. तू एकटी होतीस तेव्हा मी वाहून जायचे, आणि काल तर पूर होता.

मी हलले नाही.

कशी, ते मला विचारू नकोस. मला त्या सगळ्या ऐकू येत होत्या, आणि मला मीही ऐकू येत होते. दोन्ही एकाच वेळी, जे होणार नाही असं मी सरांना वर्षभर सांगत आले होते. माझ्या जागेवरून मला तुझी चाल वर जाताना दिसली, आणि ती माझ्यावर पाय देऊन जात होती. मी नसते तर ती नुसती चाल होती. हात धुजो, बसजो जरा. अर्धं पाऊल खाली, परत जागेवर. मंग भांडजो भराभरा. शेवटपर्यंत, मंदा. शेवटच्या अक्षरापर्यंत.

गाणं संपलं तेव्हा कुसुमकाकू उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "राहू दे बाई, राहू दे. दुःख हाये तुले. चाल सुटते माणसाची. आमी घेतली ना सांभाळून." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी डोळे पुसले. भाऊजींनी मला पाणी आणून दिलं. चाळीस माणसांत एकालाही कळलं नाही की काय झालं, आणि ते कळावं इतकी त्यांची लायकीही नाही.

ज्या एकीला कळलं असतं, ती हॉलभर ओरडली असती, "बाई, झालं!" आणि मी तिला गप्प बस म्हटलं असतं. झालं गं. पूर्ण झालं. आणि तू नव्हतीस. मला तुझा फार राग आलाय, मंदा.